साबणाचा गाळ म्हणाले त्याला

मित्रांनो, मी एक जुना, हाताने फिरवायचा सेंट्रीफ्यूज आहे, आणि मी रागावलेलो आहे.

मला टेबलाच्या कडेला आवळायचं, चार नळ्या लावायच्या आणि मूठ गरागरा फिरवायची. नळीतलं जड ते तळाशी बसतं, हलकं वर राहतं. एवढंच माझं काम. पण मोखाड्याच्या एका शाळेत आलो आणि सात वर्षं मला तेही करता आलं नाही. "पोरं फोडतील," असं म्हणून मुख्याध्यापकांनी मला खोक्यातून बाहेरच काढलं नाही.

२००३ साली जयवंती मॅडम जीवशास्त्र शिकवायला आल्या. त्यांनी भांडून मला मिळवलं. मुंबईच्या एका प्राध्यापिकेकडून त्यांनी निरुपद्रवी जिवाणू आणले होते. जिवाणूच्या मुख्य डीएनएखेरीज त्याच्यापाशी एक छोटा, गोल डीएनए असू शकतो. त्याला प्लाझ्मिड म्हणतात. तो बाजारातल्या सामानाने वेगळा काढायचा, असं त्यांनी ठरवलं.

जवळच्या पोशेरा या आदिवासी गावातली फागी अकरावीत होती. नाचणी दळून दळून तिचे हात कणखर झालेले. माझी मूठ तिनेच धरली. मी फिरलो, जिवाणू तळाशी बसले. त्यांवर भांडी धुण्याचा पातळ साबण आणि कॉस्टिक सोडा घातला, तसे ते फुटले. मग व्हिनेगरमध्ये पोटॅश मिसळून ओतलं. नळीत दूध नासल्यासारख्या गुठळ्या झाल्या. त्या गुठळ्यांत मुख्य डीएनए अडकला. मी त्या खाली बसवल्या. वरच्या नितळ पाण्यात प्लाझ्मिड उरला. त्यात थंडगार स्पिरिट घालून फागीने मला पुन्हा फिरवलं, खूप वेळ. पहिल्या अकरा खेपांना काहीच हाती लागलं नाही. बाराव्या खेपेला तळाशी मोहरीएवढा पांढरा डाग दिसला.

"मॅडम, हाय! हाय तिथं!" फागी ओरडली.

मॅडमनी तो बशीतल्या चायना ग्रासच्या जेलीत घालून बॅटऱ्यांची वीज सोडली; विजेने डीएनए जेलीतून सरकतो. मग वर निळा रंग दिला. निळी रेघ उमटली. साबणाची अशी रेघ उमटत नाही.

आम्ही जव्हारच्या विज्ञान प्रदर्शनात गेलो. परीक्षक आले, नळीकडे आणि बशीतल्या रेघेकडे बघून हसले. "साबणाचा गाळ आहे हा. आणि ती रेघ शाईची. कुणी करून दिलं गं तुला?"

"नाय साहेब, मी केलं. थांबा, इथंच करून दावते."

"किती वेळ लागेल?"

"तीन तास."

"मग राहू दे." ते जेवायला गेले.

फागी थांबली नाही. दुपारभर तिने मला फिरवलं. लोक गोळा झाले, काहींनी तिच्या हातून मूठ घेऊन फिरवूनही पाहिलं. तिचे तळहात सोलले, तरी पोरगी हटली नाही. चार वाजता निळी रेघ उमटली. मॅडम ती बशी घेऊन मंचाकडे धावल्या. तोवर थर्माकोलच्या धरणाला पहिलं बक्षीस जाहीर झालं होतं.

"एकदा बघा तरी," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, निकाल लागलाय," परीक्षक म्हणाले आणि गळ्यातला हार नीट करू लागले.

बघितलं असतं तर काय बिघडलं असतं? माणूस चुकतो, मला मान्य आहे. शंका घेणं तर विज्ञानातलं पहिलं काम. पण शंका घ्यायची आणि पुरावा समोर आल्यावर पाठ फिरवायची, याला शंका म्हणत नाहीत. पोशेऱ्याच्या पोरीला हे जमणारच नाही, असं त्या परीक्षकाने आधीच ठरवलं होतं!

फागी रडली नाही. सोमवारपासून तिने सगळ्या अकरावीला हे काम शिकवलं, एकेकाकडून करून घेतलं. शेवटच्या बाकावरची, कधी न बोलणारी राही "माझ्या नळीत जास्त आलं," म्हणून भांडली. माझ्या आयुष्यातले तेच सर्वांत चांगले दिवस.

पुढे मॅडमची बदली झाली. फागी शिकायला नाशिकला गेली. आता मला तेलपाणी करून काचेमागे ठेवलंय. तपासणीला येणारे साहेब म्हणतात, "वा, काय जपलंय!"

मित्रांनो, याला जपणं म्हणत नाहीत. माझे दाते झिजू देत, मूठ तुटू दे. काचेवर 'हात लावू नये' अशी पट्टी चिकटवली आहे. ती आधी फाडा.