पोट आलेली चौकट

आखाडा बाळापूरला बसस्टँडसमोर विश्वंभरचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. तो पत्रिका संगणकावर मांडायचा आणि मागच्या गल्लीतला प्रेमदास त्या छापायचा, अशी वीस वर्षांची जोडी. विश्वंभरला अभिमान होता तो स्वतःच्या नजरेचा. डावा डोळा मिटायचा, उजवा बारीक करायचा, आणि चौकटीची रेघ केसभर जरी कलली तरी तिला पकडायचं. दोन्ही डोळे उघडे ठेवून काम करणाऱ्यांना तो ‘बघे’ म्हणायचा. गावात कुणाची भिंत उठत असली की गवंड्याचा ओळंबा लागलेला असूनही घरमालक विश्वंभरला चहाला बोलवायचा. माणसाला एवढं चढवून ठेवल्यावर त्याचे पाय जमिनीला कसे लागायचे?

गेल्या शुक्रवारी मात्र त्याचं नाक कापलं गेलं. जवळा बाजारच्या तातेरावांच्या मुलीच्या पत्रिका छापून आल्या आणि एकूण एक पत्रिकेच्या चौकटीला डाव्या बाजूनं पोट आलेलं. ओल धरलेल्या भिंतीला येतं ना, अगदी तसं; डोळा न मिटताही दिसणारं. संध्याकाळी तातेरावांनी गठ्ठा परत आणून काउंटरवर ठेवला.

“सोयरे विचारून राहिले, पत्रिका उन्हात वाळू घातली होती का म्हणून,” ते म्हणाले. “मंगळवारी संध्याकाळपर्यंत नव्यानं बराबर करून द्या. न्हाईतर मी हिंगोलीला जातो. तुमचं नाव ऐकून आलो होतो, एवढंच.”

ते ‘एवढंच’ विश्वंभरला फार लागलं. तो तडक प्रेमदासच्या छापखान्यात गेला आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याची खरडपट्टी काढली.

“फाईलच तशी आली होती,” प्रेमदास हळू आवाजात म्हणाला.

“नाचता येईना अंगण वाकडं,” विश्वंभर म्हणाला. “मशीन भंगारात घाल तुझं. मी दुसरा छापणारा बघतो.” वीस वर्षांची दोस्ती तिथंच टाकून तो घरी गेला.

सोमवारी दुकान उघडलं, तर दुसरा गुन्हेगार आपणहून हजर. संगणकानं मधल्या काळात स्वतःला अपडेट करून घेतलं होतं, आणि पडद्यावर सगळंच फुगलं होतं. अक्षरं जाडी, कडा भुरकट, पत्रिकेवरचा गणपती आधीच लंबोदर, तो आणखी आडवा पसरलेला. विश्वंभरला जिवात जीव आल्यासारखं झालं. स्क्रीनच खोटं दाखवत होती तर! पत्रिका शुक्रवारी छापून आल्या आणि पडदा त्यानंतर बिघडला, एवढा साधा हिशेब त्यानं केला नाही. आयता सापडलेला चोर कोण सोडतो?

मंगळवारी सकाळी त्यानं गुंजनला बोलावलं. गुंजन एके काळी त्याच्याच दुकानात टायपिंग शिकली होती; आता बाजारपेठेत तिचं संगणक दुरुस्तीचं स्वतःचं दुकान होतं. तिनं दोन मिनिटांत दुखणं ओळखलं.

“काका, ग्राफिक्सचा ड्रायव्हर उडालाय. तो नसला की संगणकाला कळतच न्हाई पडदा केवढा हाय ते. मंग तो अंदाजानं चित्र ताणतो.”

“मी तेच म्हणून राहिलो चार दिवसांपासून,” विश्वंभर म्हणाला. कुणाला म्हणत होता कोण जाणे.

गुंजननं जुना ड्रायव्हर काढला, योग्य तो उतरवून घेतला, संगणक बंद करून चालू केला आणि रिझोल्युशन पडद्याच्या मापाला आणून ठेवलं. पडदा एकदा काळा झाला आणि उजळला तो लख्ख. अक्षरं पातळ आणि धारदार, गणपती आपल्या मूळ अंगानं बसलेला. विश्वंभरनं खुर्ची पुढे ओढली आणि तातेरावांची पत्रिका उघडली.

“काका, ह्या डाव्या रेघेला पोट हाय की,” गुंजन मागून म्हणाली.

विश्वंभरनं डावा डोळा मिटला. उजव्यानं वरून खालपर्यंत रेघ तपासली. “सरळ तर हाय.”

“न्हाई काका. थांबा.” तिनं शेजारी एक नवी उभी रेघ ओढली. “ही बघा सरळ.”

“ही तर वाकडी हाय, बाई.”

“संगणकानं ओढली, काका. ती वाकडी कशी येईल?”

“म्हणजे ड्रायव्हर बसला न्हाई अजून. पुन्हा टाक.”

गुंजननं पुन्हा टाकला. रेघ वाकडीच. तिनं केबल बदलली, मग स्वतःच्या दुकानातला पडदा गाडीवरून आणून जोडला. त्या पडद्यावरही विश्वंभरच्या डोळ्याला ती रेघ मध्यावर तशीच फुगली. आता तो चिडला. हल्लीच्या पोरांना वरवरचं तेवढं येतं, असं काहीबाही पुटपुटला. गुंजननं काउंटरवरची, पत्रिका कापायची त्याचीच स्टीलची पट्टी उचलली आणि पडद्यावरच्या रेघेला लावून धरली.

“आता बघा. रेघ पट्टीला चिकटून हाय का न्हाई?”

विश्वंभरनं डावा डोळा मिटून पाहिलं. रेघ पट्टीला चिकटून होती. पण पट्टीलाच पोट आलं होतं.

“पट्टी वाकवली तू,” तो म्हणाला.

गुंजननं पट्टी काउंटरच्या काचेवर आडवी ठेवली आणि बोटानं दाबली. ती डगमगली नाही, कुठे फट दिसली नाही. डावा डोळा मिटलेला ठेवूनच विश्वंभरनं दुकानाच्या अर्ध्या ओढलेल्या शटरकडे पाहिलं. जिथं नजर जाई तिथली शटरची पट्टी फुगे आणि नजर हलली की सरळ होई. रस्त्यापलीकडच्या विजेच्या खांबाचं तेच. दाराच्या चौकटीचं तेच.

“आता उजवा मिटा,” गुंजन म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

त्यानं उजवा मिटला आणि डावा उघडला. खांब सरळ उभा होता. शटर सरळ. संगणकानं ओढलेली रेघ सरळ, आणि शेजारी त्यानं आपल्या हातानं, खूप मन लावून बिघडवलेली चौकट. त्याला वाकडी दिसली म्हणून त्यानं ती सरळ केली होती. सरळ करता करता पोट काढून ठेवलं होतं.

त्यानं पुन्हा उजव्या डोळ्यानं गुंजनकडे पाहिलं. तिचे केस दिसले, कानातले दिसले. मधे नाक-डोळ्यांच्या जागी राखाडी डाग. विश्वंभर मुळापासून हादरला. त्याला एकदम एवढी भीती वाटली की खुर्चीचे दोन्ही हात त्यानं घट्ट धरले. ही नजर गेली तर त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

“काका, साखर हाय ना तुमाला?”

“हाय. गोळ्या घेतो की. आठवण झाली की घेतो.”

“माझ्या आत्याला असंच झालं होतं. साखर पडद्यावर उतरली म्हणले, डोळ्यातल्या. नांदेडला इंजेक्शनं दिली. आता ती सुईत दोरा ओवते. लवकर गेलं की वाचतं, काका. आजच जा.”

विश्वंभरनं मान हलवली, पण त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. चार गिऱ्हाइकांसमोर काय काय बोलून आलो, ते त्याला एकेक आठवत होतं. त्यानं प्रेमदासला फोन लावला.

“प्रेमदास, फाईल वाकडीच होती. चूक माझी. माझा उजवा डोळा बिघडलाय, गड्या. समदं वाकडं दिसून राहिलं.”

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. तो बंद झाला.

“रेघा वाकड्या येतात ते मला ठाऊक होतं,” प्रेमदास म्हणाला. “दिवाळीपासून तुझी हरेक चौकट पोट घेऊनच येऊन राहिली. मी छापायच्या आधी सरळ करून घेत होतो. गुरुवारी मी लग्नाला गेलो, मागं माझ्या भावानं आली तशीच फाईल मशीनवर चढवली.”

“मंग मला काहून न्हाई सांगितलं?”

“तुझ्या नजरेत खोट काढायची मला हिंमत झाली न्हाई. वाटलं, थकला असशील. दोस्तासाठी एवढं तर करावं.”

विश्वंभरनं रागावावं तर कोणत्या तोंडानं, आणि उपकार मानावेत तर ते जिभेवर येईनात. दिवाळीला आता पाच महिने झाले होते. फोन कानाला तसाच ठेवून त्यानं गुंजनकडे मान वळवली.

“तुझ्या आत्याला किती दिवसांत दाखवलं होतं, बाई?”

“पंधरा दिवसांत,” गुंजन म्हणाली.

पलीकडे प्रेमदासनं ते ऐकलं.

“मी गाडी काढून राहिलो,” तो म्हणाला. “दुकान बंद कर. तातेरावांच्या पत्रिका भाऊ सरळ करून छापेल. आपण नांदेडला जाऊ.” आणि एवढं बोलता बोलता त्याला रडू फुटलं.