चिंगीबाईच्या हाताला

"नाव कुणाचंही घ्या हो मावशी, कोण विचारतंय!" दाराआडून रेकॉर्डिंग करणारा शरच्चंद्र म्हणाला आणि बायाने चमकून दाराकडे पाहिलं.

लोणावळ्याच्या त्या बंगल्यात तबकड्यांच्या कंपनीने स्टुडिओ थाटला होता. खिडक्यांना गाद्या लावल्या होत्या, तरी घाटातल्या गाडीची शिट्टी आत घुसायचीच. की पुन्हा पहिल्यापासून! सावित्राबाई आणि बाया ही वडिवळ्याची जोडी. त्यांची भातलावणीची गाणी मावळात लग्नोलग्नी लाऊडस्पीकरवर वाजत. आता आवाज थकले होते. ही मोठी तबकडी शेवटची, असं कंपनीने सांगूनच टाकलं होतं. आणि गंमत पाहा, दोघींनी ज्या गाण्यांवर गळा तयार केला, ती हळदीची गाणी आता कुठे तबकडीत निघत होती.

हळदीच्या गाण्यात नवरीचं नाव घ्यावंच लागतं. सावित्राबाईने ते घ्यायचं, बायाने झेलायचं. इथे तर नवरीच नव्हती.

बायाची चिंगी सुपारी फुटल्यावर, हळद लागायच्या आधीच तापाने गेली. मांडवासाठी तोडलेल्या मेढी परड्यात पडून कुजल्या. त्यानंतर किती पोरींची हळद बायाने गायली! दर वेळी एक नाव ओठांवर यायचं आणि ती ते गिळायची. गेलेल्या पोरीचं नाव हळदीत घेणं म्हणजे अपशकुन. सावित्राबाईकडे ते मागायचं तरी कुठल्या तोंडाने? आणि आज राहिलं तर कायमचंच राहिलं.

"कुनाचं घिऊ गं?" सावित्राबाईने विचारलं.

"घे की कुनाचंबी. मला काय इचारतीस, आक्का?" बाया जमिनीकडे बघत म्हणाली.

सावित्राबाईने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, पदर सारखा केला आणि सूर लावला.

"लावा गं लावा हळद, चिंगीबाईच्या हाताला..."

बायाने आता ओळ उचलायची. ती उचललीच गेली नाही. सावित्राबाई थांबली, तिने बायाचा हात धरला. मग कुठे बायाने ओळ घेतली, तीही फाटक्या आवाजात.

"मध्ये रिकामं गेलं," शरच्चंद्र म्हणाला. "पुन्हा घेऊ."

"न्हाई. शेवटची हाय म्हनलासा न्हवं? मग एवढी आमच्या मनासारखी असू द्या," सावित्राबाई म्हणाली.

बाहेर पडताना बाया म्हणाली, "आक्का, मानसं अपशकुन म्हनतील."

"पोरीला हळद लागली, त्यात अपशकुन कसला गं?"

तबकडी बाजारात आली, आणि भाताच्या झोडणीच्या दिवसांत सावित्राबाई वारली.

वैशाखात सोमाटण्याला ओळखीतल्या निवृत्तीच्या लेकीची, शालनची हळद होती. आंब्याला लाऊडस्पीकर टांगलेला. गायला आता कुणी बोलवत नसे. बाया पाहुणी म्हणून मागे बसली होती. तबकडी लागली. सावित्राबाईचा आवाज मांडवावर उतरला, चिंगीबाईच्या हाताला. मग ती रिकामी जागा आली. हळद लावणाऱ्या बायकांचे हात थांबले.

"बंद पडली का काय?" कुणीतरी म्हणालं.

"चिंगीबाईच्या हाताला," मागून बायाने मोकळ्या गळ्याने ओळ उचलली. या वेळी तिचा सूर फाटला नाही.

शालनची आई वळली. "ही चिंगी कोन वो, मावशी?"

"माझी लेक. ऱ्हायली व्हती तिची हळद."

लाऊडस्पीकर गात राहिला. मग शालनच्या आईने हळदीचं ताट उचललं आणि बायापुढे आणून ठेवलं.

बायाने बोटं बुडवली आणि शालनचा हात हातात घेतला.