वनमालाबाईंचं वाण

मी गोळ्या मोजायचे. कागदोपत्री माझं पद ‘संशोधन सहाय्यक’ असं भारदस्त होतं, पण काम एवढंच: डायलिसिसच्या अकरा पेशंटांना दर महिन्याला कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली द्यायची, महिनाअखेरीला ती परत घ्यायची आणि आत किती उरल्या ते वहीत लिहायचं. साल सत्याऐंशी. रुग्णालय पश्चिम उपनगरात, माझं घर विक्रोळीला, त्यामुळे कामावर पोचेपर्यंतच माझं डोकं तापलेलं असायचं.

संशोधन डॉ. विद्याधर केंकरे यांचं. गोष्ट तशी साधी आहे, डॉक्टर ती उगाच अवघड करून सांगत. मूत्रपिंडं निकामी झाली की अन्नातलं फॉस्फरस बाहेर पडत नाही. ते रक्तात साठतं आणि रक्तातलं कॅल्शियम उतरतं. मग गळ्यातल्या मसुराएवढ्या चार ग्रंथी घाबरतात. पॅराथायरॉइड त्यांचं नाव. त्या इतका हार्मोन सोडतात की हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात आणलं जातं, आणि माणसाची हाडं ठणकायला लागतात. जेवताना कॅल्शियमची गोळी घेतली तर ती पोटातच फॉस्फरसला धरते आणि बाहेरची वाट दाखवते. ग्रंथी गप्प बसतात. खरंच बसतात का आणि किती, हे डॉक्टरांना दाखवून द्यायचं होतं.

अकरांपैकी दहा जण पक्के बेशिस्त. कुणी विसरायचं, कुणाला गोळी खडूसारखी लागायची, बाटलीत दहा-वीस उरायच्याच. तरी त्यांचा हार्मोन हळूहळू उतरत होता. एकट्या वनमालाबाईंची बाटली दर महिन्याला रिकामी यायची, तीही धुऊन-पुसून. आणि हार्मोन मात्र चढतच होता.

डॉक्टर खूश होते. हो, खूश! त्यांच्या मते हा नवाच प्रकार होता. ‘कोकणी स्त्रियांच्या शरीराचा कॅल्शियमला विरोध’ असा निबंध त्यांनी लिहायला घेतला. कोकणी स्त्रिया म्हणजे एकट्या वनमालाबाई, पण ते निबंधात बरंच पुढे यायचं.

वनमालाबाईंना या कीर्तीचा काडीचा उपयोग नव्हता. औषध लागू पडत नाही म्हटल्यावर सर्जननी एप्रिलची तारीख देऊन टाकली. गळा उघडून ग्रंथी काढायच्या. शेजारून आवाजाची नस जाते, क्वचित तिला धक्का लागतो आणि आवाज बसतो, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. बाई त्या दिवशी डायलिसिसच्या खाटेवर गुपचूप रडल्या. पन्नाशीची, मालवणकडची ही बाई. त्यांची हाक चारकोपच्या त्यांच्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. गिरणी गेल्यावर नवऱ्याने, जयवंतरावांनी, इंडस्ट्रियल इस्टेटीत वॉचमनची नोकरी धरली, ती याच बाईने तिथल्या मॅनेजरशी भांडून मिळवलेली.

“आवाज गेलो तर माझ्याकडे ऱ्हवला काय गो?” त्या मला म्हणाल्या. “हातपाय दुखतत, कामा होनत नाय. ह्या एक तोंड चलता.”

दिवसातून तीन वेळा दोन-दोन गोळ्या नेमाने घेणाऱ्या बाईच्या वाट्याला हे यावं, याचा मला फार राग आला. कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी डॉक्टरांनी मला चारकोपला धाडलं. निबंधासाठी बाई काय जेवतात याचा तपशील हवा होता. गल्लीच्या तोंडाशीच नळावर बसलेल्या नंदाने मला अडवलं. ही वनमालाबाईंच्या भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण.

“मॅडम, तुम्ही हॉस्पिटलच्या ना? पोट साफ व्हायचं काही आहे का हो पर्समध्ये?”

“का गं?”

“वाट लागलीय नुसती. चार दिवस झाले.”

तिच्या मागे कळशी घेऊन उभी असलेली म्हणाली, “तुझे चार? माझे सहा.” तिसरीने सांगितलं की कोपऱ्यावरच्या वाण्याकडचं इसबगोल संपलंय, तो गोरेगावहून मागवणार आहे. बायकांनी हळूहळू मला घेरलं. गंमत म्हणजे पुरुषांची काहीच तक्रार नव्हती. मला वाटलं, पाण्यात काहीतरी आहे. मग वाटलं, पाणी काय बायका बघून बाधतं?

वनमालाबाईंच्या घरी हळदीकुंकू होतं. मी वही काढायच्या आत त्यांनी मला सतरंजीवर बसवलं, कुंकू लावलं, हातावर तीळगूळ ठेवला. स्वतः तिळाला हात लावला नाही, तिळात फॉस्फरस भरपूर म्हणून ते त्यांना वर्ज्य आहेत हे त्यांच्या बरोबर लक्षात होतं. मला कौतुक वाटलं. अशी शहाणी पेशंट मिळायला भाग्य लागतं, असं मी मनात म्हणाले.

मग त्यांनी मला वाण दिलं. रंगीत कागदाची छोटी पुडी, वर दोरा. मी सहज उघडली. आत पंधरा गोळ्या होत्या. गुलाबी, मधोमध रेघ असलेल्या. मी दर महिन्याला मोजून देत होते त्याच.

मी खोलीभर बघितलं. नळावरच्या नंदासकट बारा बायका, बाराही जणींच्या मांडीवर पुड्या. एकशे ऐंशी गोळ्या, माझ्या पुडीतल्या मागच्या महिन्याच्या उरलेल्या पंधरा वेगळ्या. महिन्याची अख्खी बाटली तिथे हळदीकुंकवाला बसली होती.

“मावशी,” मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला तो चढलाच. “हे काय आहे? ह्या तुमच्या आहेत! तुम्ही एकही घेतली नाहीत?”

“सुरवातीक दोन घेतलंय. खडू गो नुसतो.”

“आणि बाकीच्या?”

“शेजारणींका. कोणाचे गुडगे, कोणाची कंबर. सगळ्यांचीच हाडा दुखतत, माझी एकटीचीच काय?”

“पाच महिने?” मी ओरडले. “पाच महिने तुम्ही वाटताय? तिथे डॉक्टर निबंध लिहितायत! तुमचा गळा कापायची तारीख घेतलीय त्या लोकांनी! अक्कल आहे की नाही तुम्हाला?”

पेशंटशी असं बोलायचं नसतं. मी बोलले. वनमालाबाई शांतपणे माझ्यासमोर बसल्या.

“गेल्या पावसात माका रगात लागला, तेव्हा ह्या बाराय जणी इल्ल्यो. रांगेत उभ्यो ऱ्हवल्यो. तुका कोणी असा रगात दिल्यान हा काय कधी?”

हे मला आठवत होतं. बारा आल्या होत्या, त्यातल्या पाच जणींचंच रक्त चाललं. अंगात रक्त कमी म्हणून बाकीच्या सात जणींना परत पाठवलं, तर त्यांनी रक्तपेढीच्या माणसाला अर्धा तास धारेवर धरलं होतं. आमचं रक्त काय वाईट आहे का, म्हणून.

“ह्यांका देवक माझ्याकडे काय आसा?” वनमालाबाई म्हणाल्या. “तूच सांगितलंस ना, हाडांच्यो गोळ्यो म्हणान?”

मीच सांगितलं होतं. फॉस्फरस, ग्रंथी, हार्मोन हे सगळं कोण समजावत बसणार, म्हणून पहिल्या दिवशी मी घाईघाईने म्हटलं होतं, हाडांच्या गोळ्या आहेत, जेवताना घ्या. आणि हाडं काय, गल्लीत सगळ्यांनाच होती. माझी मलाच इतकी लाज वाटली की मी खाली बसले आणि हातातला तीळगूळ खाऊन टाकला.

मग मी पाच महिन्यांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. बारा बायकांसमोर सगळं पहिल्यापासून सांगितलं. ही गोळी वनमालाबाईंच्या पोटात, अन्नाबरोबर गेली तरच तिचा उपयोग. तुमच्या गुडघ्यांना तिचा काही गुण नाही. तुमची पोटं मात्र तिच्यामुळेच अडलीत.

नंदा म्हणाली, “वनमाले, तू आम्हाला बूच मारत होतीस होय गं?” आणि बायका अशा हसत सुटल्या की जयवंतराव काय झालं ते बघायला आत आले आणि विषय कळल्यावर लगेच बाहेर गेले.

पुड्या तिथेच परत जमा झाल्या. नंदाने पाळ्या लावल्या. दोन्ही जेवणांना आणि सकाळच्या भाकरीला एक जण समोर बसणार, दोन गोळ्या गिळल्या की तोंड उघडायला लावून जिभेखाली बघणार. आमच्या कुठल्याही वॉर्डात असा कडक कारभार नव्हता. तिसऱ्याच दिवशी वनमालाबाई डायलिसिसला आल्या त्या कुरकुरतच. “ती नंदा माझ्या तोंडात टॉर्च घालता गो,” म्हणाल्या.

डॉक्टरांना सांगणं हा वेगळा प्रसंग होता. ते निबंधाचं अकरावं पान लिहीत होते. मी सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. ते बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत राहिले.

“म्हणजे कोकणी स्त्रियांचा विरोध...”

“नाही, सर.”

“म्हणजे गोळी लागू पडते.”

“घेतली तर पडते, सर.”

त्यांनी पानं ड्रॉवरमध्ये ठेवली आणि दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. पण सर्जनना फोन त्यांनीच केला. एप्रिलची तारीख राहू द्या, पण तेव्हाचा हार्मोन बघून मगच कापायचं की नाही ते ठरवू, असं त्यांनी सांगितलं. एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

मार्चअखेरीला रक्त घेतलं, शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवलं. अहवाल यायला लागलेल्या तीन आठवड्यांत मी माझ्या स्वतःच्या परीक्षेच्या वेळीही घाबरले नव्हते इतकी घाबरले. ठरलेल्या तारखेला वनमालाबाई सर्जनसमोर बसल्या. गल्लीतून सगळ्या आल्या होत्या, पण आत फक्त मला सोडलं. सर्जननी कागद वाचला. परत वाचला. हार्मोन निम्म्याच्याही खाली आला होता.

“ऑपरेशनची गरज नाही,” ते म्हणाले. “चाललंय ते चालू ठेवा.”

वनमालाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. मी त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं. बाकावरच्या बाराही जणी एकदम उठल्या.

“काय झालं? काय म्हणाले?”

बाईंनी पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा काही नाही. डोळ्यांतून पाणी तेवढं घळघळ वाहत होतं. नंदाने कपाळावर हात मारला. “आवाज गेला गं हिचा! आजच कापलं वाटतं मेल्यांनी!” आणि तिने जो गळा काढला, त्यात बाकीच्याही मिसळल्या. मी सांगत होते, पण माझं ऐकतंय कोण?

“गप ऱ्हवा गो मेल्यांनो!” वनमालाबाई कडाडल्या. “गळो कापूचो नाय माझो!”

दोन मजले खालून शिपाई धावत वर आला. रुग्णालयात आवाज करू नये, असं त्याने बाईंना बजावलं. बाई त्याच्याशीही भांडल्या, चांगली दहा मिनिटं, आणि आम्हा तेरा जणींपैकी कुणीही त्यांना अडवलं नाही.