पात्यावरचा सिंह

बाबाजींनी म्यानातून तलवार उपसली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. पाते आरशासारखे लखलखत होते. त्यात त्यांना आपलाच चेहरा दिसला आणि त्या चेहऱ्याचाही राग आला.

"कोणी केलां ह्यां?"

"मीच, काका." पुतण्या प्रज्योत हसत पुढे आला. डिचोलीला खाणीच्या ट्रकांच्या गॅरेजात तो कामाला होता. "काळी पडलेली. गोवा राज्य झाल्यावरचो पयलो दसरो, मंत्री येतले, फोटो काढतले. म्हणून मशिनीवर धरून बफ मारली, घासून चकचकीत केली."

बाबाजींनी मुठीजवळ अंगठा फिरवला. गुळगुळीत.

हळर्णच्या देवळातली ही फिरंग, परदेशी पात्याची तलवार. पाते गलबतातून आलेले, मूठ इथली. दोन्ही जोडल्यावर कुणा कारागिराने पोलादावर केसासारख्या रेघा ओढून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवली होती. मुठीजवळ त्या तारेचा सिंह झाला होता. दर दसऱ्याला पूजेआधी बाबाजी पोरांना ओळीने बसवत आणि एकेकाचे बोट धरून त्या सिंहावरून फिरवत. मारायच्या हत्यारावर एवढी नक्षी कशाला, असे एखादे पोर विचारायचेच. "मारणाऱ्यान आधी थांबून बघूक व्हया म्हणून," बाबाजी सांगत. आता त्यांचे गुडघे बसू देत नव्हते. यंदापासून हा मान प्रज्योतला द्यायचे त्यांनीच ठरवले होते.

"तुझां बोटपण मीच फिरवलंय ह्येच्यावर," ते म्हणाले. "सिंह तुका दिसलो नाय?"

"दिसलो. वाटलां, तो पण चमकतलो." प्रज्योतचे हसू विरले. "सिंह एका फेऱ्यात पुसून गेलो, काका."

"आणि तू हसत इलंस."

"म्हापशाच्या सोनाराकडून नवीन बसवून घेव या. फोटोत काय कळता?"

बाबाजींची कानशिले तापली. ओरडले असते तर बरे वाटले असते. पण बाहेर पोरे येऊन बसली होती. त्यांनी तलवार प्रज्योतच्या हातात ठेवली.

"मान तुझोच. बस."

"मंत्री इले की हातात धरतंय, आता—"

"आधी पोरां."

ओळीत पहिली तेजस्विनी होती. मागच्या वर्षीही ती पहिलीच होती. कुणी धरायच्या आधीच तिने बोट पुढे केले. ते सरकन घसरले. "सिंह खंय गेलो?"

प्रज्योतने काकांकडे पाहिले.

"माझ्याकडे बघू नको. तिका सांग. मग तिच्या मागच्याक. दर दसऱ्याक नवी पोरां येतली, तेंकाही तूच सांगायचां. कसो होतो आणि कोणी घालवलो."

प्रज्योत मांडी घालून बसला. पाते त्याच्या मांडीवर आडवे होते, आणि त्यात पोरांचे चेहरे दिसत होते. "हंय सिंह होतो," तो म्हणाला. "मी घालवलो."

"पंजो कुठचो उचललेलो? मी विसरलंय," तेजस्विनी म्हणाली.

प्रज्योतने मुठीजवळ पाहिले, मग डोळे मिटून पाहिले. त्याला आठवेना.

बाबाजींना आठवत होते. त्यांनी तेजस्विनीच्या मागच्या पोराला खुणेने पुढे बोलावले.