अकरा भोकं

भोक १

गॅरेजवाल्या दीपकने गाडीखालून हात बाहेर काढला. बोटांत काळा, कडक गोळा. त्याच्यामागून तांबडं, चिखलासारखं पाणी आलं आणि त्याबरोबर वास. मुशी माशाच्या तेलाचा. माझ्या शाळेच्या दप्तरालासुद्धा तो यायचा.

"वेदिकाताई, हे बूच कोणी मारलंय?"

मी अंगणात बघितलं. अप्पा खुर्चीत बसले होते, हात मांडीवर, दवाखान्याबाहेर नंबर लावून बसल्यासारखे. वय एक्क्याऐंशी. हट्ट एकच : याच गाडीने पुन्हा एकदा हेदवीच्या देवळाला जायचं.

"हळू बोल," मी म्हटलं.

भोक २, ३, ४

एका दमात निघाली. तिन्हींतून पाणी.

अप्पा म्हणजे माझे वडील, रावजी मिस्त्री. मिरकरवाड्याच्या बंदरात चाळीस वर्षं होड्या दुरुस्त केल्या. फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकायचा, वर चंद्रुसाच्या राळेचा लेप द्यायचा. एक थेंब आत येता कामा नये. १९८३ साली, मुंबईला निघालेल्या एका डॉक्टरांकडून त्यांनी ही सायीच्या रंगाची फियाट घेतली. घरी आणली त्याच दिवशी पाठीवर झोपून खाली शिरले आणि बाहेर आले ते चिडून.

"खालून नुसती भोकं! शिकलेला माणूस, आणि चाळण घेऊन फिरत होता!"

सगळी बुजवली. पुढे दर नारळी पौर्णिमेला होडीबरोबर गाडीलाही नारळ, आणि मग बुचांवर नवा लेप, पोटाला तेलाचा हात. खाऱ्या वाऱ्यात शेजाऱ्यांच्या गाड्यांना फोड आले. आमची चमकत राहिली.

भोक ५

उजव्या दाराखाली. इथे दीपकचा पेचकस पत्र्यातून आरपार गेला. पापडातून जावा तसा.

"ही भोकं मुद्दाम ठेवलेली असतात, ताई. काचेच्या फटीतून दारात पाणी उतरतं, ते खाली पडायला. बुजवली की पाणी आतच." तो जरा थांबला. "ही दाराखालची पोकळ पट्टी गेली. अशा दोन पट्ट्यांवर अख्खी गाडी उभी असते. डावीपण अशीच निघाली तर मी हात लावणार नाही, मधून वाकेल. लांज्याचा भंगारवाला येऊन घेऊन जाईल."

"आणि डावी चांगली असली तर?"

"तर उजवीला नवा पत्रा जोडू. पण असेल कशी? दोन्हीकडे हात एकच फिरलाय."

भोक ६

(पाणी नाही. आवाज.)

आई होती तेव्हाचा हेदवीचा रस्ता, वळण, आणि गाडीच्या पोटात डुबुक.

"अहो, आत पाणी वाजतंय."

"वाजेल कसं? एक भोक ठेवलं नाही मी."

"म्हणून तर वाजतंय."

"सावित्री, होडी कोण बांधतं? तू का मी?"

"होडी तुम्हीच बांधा. मी गाडीत बसलेय."

आई डाव्या सीटवर, मांडीवर क्रोशाचं विणकाम. देवळाशी पोचलो की उतरताना तिची चप्पल दरवेळी दारात अडकायची. "तुम्ही व्हा पुढे," म्हणून ती खाली वाकायची. आम्ही पुढे व्हायचो.

२०१९ला ती गेली. गाडी गळक्या शेडमध्ये गेली. तेलाचा हातही थांबला.

भोक ७

अप्पा उठून आले. कोणी बोलावलं नव्हतं. तांबड्या पाण्यात त्यांनी चपलेचं टोक बुडवून बघितलं.

"हे आतलं?"

दीपकने पाण्यावर फडकं टाकलं.

"अरे मेल्यांनो, डोळे अधू झालेत, कान नाही. मघापासून ऐकतोय." मग खाली बघत, अगदी हळू : "म्हणजे मीच खाल्ली गो हिला."

भोक ८

डावी बाजू. दीपकने पट्टीवर हातोडी मारली. टण्. पुढे मारली, मागे मारली. टण्. टण्.

"ही घट्ट आहे!" तो घाईने खाली शिरला. "बूच तुमचंच आहे, अप्पा. पण त्याला मधोमध भोक आहे. सुईएवढं."

भोक ८, अजून

मी डाव्या दाराच्या कप्प्यात हात घातला. हेदवीच्या प्रसादाचा कागद, रुमाल, आणि तळाशी क्रोशाची सुई. टोक काळं, चिकट.

मी ती अप्पांच्या हातात दिली. त्यांनी टोकाचा वास घेतला.

दरवर्षी ते बुजवत होते. दरवर्षी तिची चप्पल अडकत होती.

"चोरटी," अप्पा म्हणाले. "छत्तीस वर्षं माझ्या शेजारी बसून माझ्याच होडीला भोक पाडत होती."

त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की काय, ते मला मागून कळलं नाही.

भोक ९, १०, ११

"उरलेली मी काढणार. लावली मी."

"अप्पा, या वयात—"

"गोणपाट टाक, दीपक."

ते पाठीवर झोपले. बाहेर फक्त पाय राहिले, टाचांना भेगा पडलेले. एक बूच बाहेर आलं, मग दुसरं. तिसऱ्याला फार वेळ लागला.

बाहेर आल्यावर हात न धुताच त्यांनी सुई पुन्हा कप्प्यात ठेवली आणि दार लावलं.

"हेदवीला तू चालव, वेदू. मी डावीकडे बसेन."

"आणि वळणावर वाजलं तर?"

"आता कुठचं वाजायला," अप्पा म्हणाले. पण तसं म्हणताना त्यांना बरं वाटलेलं दिसलं नाही.