भिंतीवरचे डाग

बायको जाऊन चार महिने झाले, तरी क्रेनकाकांना काहीच वाटत नव्हतं. लोक खांद्यावर हात ठेवून ‘सावरा’ म्हणत. काका मान हलवत आणि मनात म्हणत, कोसळलोय कुठे?

जुन्या धक्क्यावर त्यांनी तीस वर्षं क्रेन चालवली. आता तिथे इमारती होत्या, पाण्याकाठी मुद्दाम लावलेलं गवत होतं आणि पाकोळ्या पक्ष्यांच्या घरट्यांसाठी भिंतीवर लाकडी पेट्या होत्या. सहाही पेट्या काकूंनी स्वतः ठोकलेल्या. सोसायटीचा ठराव असा की, पाखरांच्या मोजणीत रिकामी निघाली ती पेटी काढायची आणि तिथे दिवा लावायचा. दिवे हवे असलेले चिक्कार होते. पेट्यांच्या बाजूने एकट्या काकू, पण त्या दहा जणांचं बोलत.

त्यांच्यामागे काकांनी एकच काम धरलं होतं. रोज सकाळी लांब दांड्याच्या ब्रशने पेट्यांखालची भिंत घासायची. बायको असताना या गृहस्थाने स्वतःचा कपही विसळला नव्हता. शेजाऱ्यांनी हे बरोबर टिपलं आणि दुःखाच्या खाती घालून सोडून दिलं.

आज मोजणीवाली बाई आली. तिने सहाही पेट्यांखाली पाहिलं आणि लिहिलं, ‘रिकामी’.

“पेटीखाली शिटेचे डाग असले की पाखरं आहेत असं धरतो,” ती म्हणाली. “इथली भिंत तर आरशासारखी आहे.”

“थँक यू,” काका म्हणाले.

“अहो बाबा!” सून ओरडली. “मग रोज बादली भरून तुम्ही धुता काय?”

“घाण.”

“कुणाची?”

चार महिन्यांत काकांनी एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं.

“पाचपर्यंत मी याच काठावर आहे,” बाई म्हणाली. “डाग दिसला तर खोडून लिहीन. ऐकीव लिहीत नाही.”

काका स्टूल टाकून भिंतीशी बसले. सेक्रेटरी जाताना म्हणाला, “काय काका, पहारा? दिव्यांची ऑर्डर देऊन ठेवलीय हं मी!”

“आधी अंधार पडू दे,” काका म्हणाले. हे वाक्य काकूंचं होतं.

पाचला बाईने चार पेट्यांपुढचं ‘रिकामी’ खोडलं. दोन तशाच राहिल्या. काकांच्या खांद्यावरही एक पांढरा डाग होता. सून ओलं फडकं घेऊन आली.

“राहू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सवयीने बादली भरली, भिंतीपर्यंत नेली आणि तिथेच थबकले. आता करायचं काय? काढायच्या दोन पेट्या तेवढ्या घरी आणाव्या लागणार होत्या. ठेवायच्या कुठे, ते काकूंना विचारायला हवं, असं त्यांच्या मनात आलं.

मग ते बादली उलटी करून तिच्यावर बसले. पाणी पायांवरून गेलं, चपला भिजल्या. वर पाकोळ्या येत-जात होत्या. काका बघत राहिले.