माझं मंडळ कायम सुट्टीवर

मित्रांनो, मी भुईगावातली एक जुनी बाजाची पेटी आहे, आणि खरं सांगू का, सध्या मी भयंकर चिडलेली आहे.

माझं अंग सागवानी, आतले सूर पितळेचे. काशिनाथमास्तरांनी मला घरी आणलं तेव्हा अख्खी आळी बघायला जमली होती. देवळातल्या भजनाला मी आणि चर्चमधल्या नाताळच्या गाण्यांनाही मीच. "मास्तर, पेटी काय गोड आहे हो तुमची!" असं कुणी म्हटलं की मी नुसती फुगून जायची. मग मास्तर गेले. माझ्यावर चादर आली आणि चादरीवर इस्त्रीचे कपडे आले.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नातीने, राधिकाने, मला पुसून काढलं. वसई-विरारमधल्या गाणं शिकणाऱ्या, गाण्यावर जीव असणाऱ्या साऱ्यांना तिला एकत्र आणायचं होतं. चर्चच्या क्वायरमध्ये गाणारी सेलिन आली. एव्हरशाईन सिटीतून तबला शिकणारा उमंग आला. दर रविवारी दुपारी बैठक ठरली. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर बघता बघता शंभर माणसं झाली! माझ्यासमोर बसायला मात्र कशीबशी पाच-सहा. मी म्हटलं, असू दे, तेवढी तर तेवढी.

पण मग सुरू झाला यांचा चांगुलपणा! राधिका ग्रुपवरचे मेसेज मोठ्याने वाचते, म्हणून मला सगळं कळतं. फेब्रुवारीत तिने लिहिलं, "सेलिनकडे उपवासकाळ सुरू झालाय. ईस्टरपर्यंत बैठक नको." पितृपक्षात सेलिनने लिहिलं, "राधिकाकडे पितृपक्ष आहे. थांबू या." ऑक्टोबरात एकीकडे नवरात्र, दुसरीकडे रोझरी, म्हणजे चर्चची महिनाभराची माळेची प्रार्थना. दोघींनी एकमेकींना सुट्टी देऊन टाकली! उमंग दर वेळी हात जोडलेलं चित्र पाठवायचा. झालं त्याचं काम.

अरे, पण एकदा विचाराल की नाही? इकडे बंद खोलीतल्या दमट हवेने माझा गंधार बसला. शेवटी राधिकाने ठरवलं, कुणालाच गरज नाही ना, मग मंडळ बंद. मला मागितलं होतं तिच्या आत्याच्या ओळखीच्या एका रिसॉर्टवाल्याने. वर कुंडी ठेवायला! मास्तरांच्या पेटीवर कुंडी!

टेंपो दारात लागला, त्याच सकाळी सेलिन वाडीतली केळी द्यायला आली.

"पेटी कुठे चालली गं?" तिने विचारलं.

"मंडळच नाही तर ठेवून काय करू?" राधिका म्हणाली. "तुम्ही कुणी आलाच नाहीत."

"आम्ही? बंद तू केलंस! आमचा उपवास जेवणाचा असतो, गाण्याचा नाही. मी ईस्टरच्या गाण्यांसाठी तुझी वाट बघत बसले होते."

राधिका म्हणाली, "पितृपक्षात मीही रोज रियाज करत होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस?"

मला डोकं असतं ना, तर भिंतीवर आपटून घेतलं असतं.

सेलिनने माझा भाता हलवला आणि गंधारावर बोट ठेवलं. नुसती फुसफुस. तिचे डोळे भरून आले. "सा रे ग म मी हिच्यावरच शिकले गं, मास्तरांकडे," ती म्हणाली. राधिकाने टेंपोवाल्याला सांगितलं, "दादा, माफ करा. पेटी द्यायची नाही."

त्या रविवारी चौघं आली आणि पाचव्या मिनिटाला भांडायला लागली. सेलिनला वरची पट्टी हवी, राधिकाला खालची, आणि उमंगचा तबला तिसऱ्याच सुरात लावलेला. माझा गंधार दुरुस्त कुणाकडे करायचा, यावरही वाद!

मित्रांनो, वाद्याला झाकून ठेवू नका, त्याला रोज हात लावा. आणि दुसऱ्याला काय हवंय ते त्याला न विचारता ठरवू नका. भांडायचं तर खुशाल भांडा, पण इथे, माझ्यासमोर बसून भांडा. मी ऐकते आहे. फक्त भांडण संपलं की माझ्या गंधाराचं तेवढं बघा रे बाबांनो!